फ्रिज नसताना बाटलीतलं पाणी गार करायचं असेल तर

प्रवासात किंवा वीज गेल्यावर बाटलीतलं पाणी कोमट होतं आणि घशाखाली उतरत नाही. अशा वेळी एक जुना सुती मोजा पुरतो. (धुतलेला, हे सांगायला नकोच.)

१. मोजा पाण्यात बुडवून हलकाच पिळा. पाणी ठिबकायचं थांबलं पाहिजे, पण कापड चिंब हवं.
२. तो बाटलीवर बुडापासून गळ्यापर्यंत चढवा. स्टीलची किंवा काचेची बाटली उत्तम. थर्मासवर याचा काही उपयोग नाही.
३. बाटली सावलीत, वाऱ्याच्या झोतात टांगून ठेवा. टेबलावर ठेवली तर बुडाला वारा लागत नाही. घरात असाल तर पंख्यासमोर.
४. कापड सुकत आलं की पुन्हा शिंपडा. बहुतेकांचं इथेच चुकतं. कोरडा मोजा म्हणजे बाटलीला घातलेला स्वेटर!

अर्ध्या-पाऊण तासात फरक हाताला कळतो. उडून जाणारं 1 ग्रॅम पाणी साधारण 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणून चार चमचे पाणी उडालं तरी लिटरभर पाण्याचा ताव बराच उतरतो. सगळी उष्णता काही बाटलीतूनच जात नाही, थोडी आजूबाजूच्या हवेतूनही येते.

बर्फासारखं गार होईल ही अपेक्षा मात्र नको. दमट, घामट दिवशी तर कापड तासन्‌तास ओलंच राहतं आणि पाणी जवळपास तसंच. त्यामुळे फ्रिजमध्येच ठेवायची औषधं या युक्तीच्या भरवशावर सोडू नका.