'लग्नसराई संपू दे' म्हणण्याआधी

देवाला तोंडावर 'नाही' म्हणायची छाती मला कधी झाली नाही. मी म्हणायचे, 'प्रभू, लग्नसराई संपू दे.' शाहूपुरीत मी घरीच ब्लाऊज शिवते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंटपाशी थांबलेल्या परगावच्या बायकांना रात्रीची भाकरी न्यावी, घटकाभर जवळ बसावं, हे मनातून जाता जात नव्हतं. एका रात्री हुक लावताना सुई थांबली. हातातली ऑर्डर मी गरज नसताना घेतली होती, गुरुवारची संध्याकाळ भरून काढायला. देवानं निनवेला जा म्हटल्यावर बायबलमधला योना संदेष्टा उलट याफो बंदरात गेला आणि तार्शीशच्या जहाजाचं भाडं पदरचं भरून बसला. माझं भाडं त्या ब्लाऊजांत जात होतं.

तेव्हा आधी वही घ्या. देवाची हाक आल्यापासून तुमचं कोणतं काम अचानक वाढलंय, ते लिहा.

मग कुणाला तरी सांगा. बायबलमधला बाळ शमुवेल देवाची हाक ऐकून तीनदा उठून एली याजकाकडे धावला. हाक कुणाची ते एलीनं ओळखलं आणि "बोल, तुझा दास ऐकत आहे" म्हणायला शिकवलं. चर्चचे पाळकसाहेब असोत की मंडळीतली जुनी बाई, तुमचं तोंडभर कौतुक करणारं माणूस नको. माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चार भाकरी जादा थापायच्या, त्यात एवढं काय गं?" मनातली प्रत्येक ओढ देवाची नसते, हेही खरं. घरच्यांची आबाळ करून किंवा चारचौघांत नाव व्हावं म्हणून जे करावंसं वाटतं, ते बाजूला ठेवा.

खर्च मांडा. बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून हिशेब करावा, असं प्रभूनंच सांगितलंय. माझा हिशेब होता एक गुरुवार, दीड किलो ज्वारीचं पीठ, झुणका आणि दोन ब्लाऊजची मजुरी. कागदावर आल्यावर धास्ती निम्मी झाली. आपल्या कोल्हापुरात १८५२ साली आलेले रॉयल वायल्डर मिशनरी बघा. त्यांच्या संस्थेनं इथलं काम थांबवलं, तरी १८६१ मध्ये ते तिच्या आधाराशिवाय परत आले. त्यांची किंमत कुठं, माझी कुठं! पण मांडावी दोघांनाही लागते.

आधी नकार दिला असेल तर खचू नका. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात बापानं कामाला जा म्हटल्यावर एक मुलगा 'नाही जात' म्हणाला आणि पस्तावून द्राक्षमळ्यात गेला; 'जातो, महाराज' म्हणणारा दुसरा गेलाच नाही. अजून तयारी नसेल तर तसं प्रार्थनेत मोकळेपणानं बोला. मोशेनंही देवाला 'दुसऱ्या कुणाला पाठव' म्हणून पाहिलं होतं. 'बघू' मात्र म्हणू नका. वार आणि वेळ ठरवा.

पहिल्या गुरुवारी राधानगरीकडच्या एका मावशींनी अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी पदरात बांधली, सकाळी पोराला द्यायला. पुढच्या गुरुवारपासून मी माणशी एक भाकरी जास्त थापते.