रूट टीएमपीएफएसवर ठेवताय? या चुका टाळा

निक्सओएस या लिनक्स सिस्टिमला (हिची मांडणी कॉन्फिग फाइलमधून होते) बूट व्हायला खरं तर दोनच डिरेक्टरी लागतात, बूट आणि निक्स. बाकीची रूट, म्हणजे सगळ्या फायलींची मूळ डिरेक्टरी, टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या फाइलसिस्टिमवर ठेवली की प्रत्येक रीबूटला पाटी कोरी. कल्पना झकास आहे. अडचण एवढीच की इथली चूक केली त्या दिवशी कळत नाही, पुढच्या रीबूटला कळते.

सगळ्यात जास्त गोची पासवर्डची होते. सवयीने पासडब्ल्यूडी चालवून पासवर्ड बदलला की तो ईटीसीमधल्या शॅडो फाइलमध्ये जातो, आणि ती फाइल रॅममध्ये. रीबूट केलं की तो गेला. म्हणून कॉन्फिगमध्ये म्युटेबलयूझर्स फॉल्स करा, पासवर्डचा हॅश (उलटवता न येणारं सांकेतिक रूप) परसिस्ट व्हॉल्यूमवरच्या, म्हणजे डिस्कवर टिकणाऱ्या भागातल्या, फाइलमध्ये ठेवा आणि हॅश्डपासवर्डफाइलला तिचा पाथ द्या. मेख पुढेच आहे: या व्हॉल्यूमला नीडेडफॉरबूट ट्रू लावलं नसेल, तर युझर तयार होताना तो माउंटच झालेला नसतो. मग फाइल सापडत नाही आणि आपण बाहेर. निक्स डिरेक्टरीला हा फ्लॅग आपोआप मिळतो, परसिस्टला हाताने द्यावा लागतो. अडकलातच तर लाइव्ह यूएसबीवरून डिस्क माउंट करून दुरुस्त करा.

एसएसएचची, म्हणजे दूरवरून लॉगिन करायची, की असूनही सर्व्हर आत घेत नसेल तर आधी माउंटचे ऑप्शन बघा. मोड ७५५ लिहायचा राहिला की टीएमपीएफएस १७७७ परवानग्या घेतं. मग रूटवर कोणीही लिहू शकतं, आणि कॉन्फिगमधून दिलेल्या की एसएसएच नाकारतं. होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या की, मात्र परसिस्टवर हव्यातच, नाहीतर प्रत्येक रीबूटनंतर क्लायंट 'होस्टची ओळख बदलली' म्हणून ओरडतो.

मशीन-आयडीचा, म्हणजे या इन्स्टॉलेशनच्या ओळखक्रमांकाचा, त्रास जास्त छुपा. व्हार-लॉग ही लॉगची डिरेक्टरी परसिस्टवर जपलीत पण मशीन-आयडी नाही, तर सिस्टिमचे लॉग लिहिणारं जर्नल दर बूटला नवीन फोल्डर उघडतं आणि ते वाचणारी जर्नलसीटीएल कमांड जुने लॉग दाखवत नाही. लॉग डिस्कवर असतात, मर्ज ऑप्शन दिला की दिसतात. व्हार-लिबमधलं निक्सओएस फोल्डरही जपा. युझर आणि ग्रुपचे आपोआप दिलेले आयडी तिथे लिहिलेले असतात. ते हरवले तर उद्या डेटाबेसच्या फायली भलत्याच सर्व्हिसच्या नावावर दिसू शकतात.

एकेकटी फाइल बाइंड माउंट करणं, म्हणजे परसिस्टवरची फाइल रूटवर जोडून दाखवणं, शक्यतो टाळा. बरेच प्रोग्रॅम नवी फाइल लिहून जुनीच्या जागी रिनेम करतात, तेव्हा 'डिव्हाइस बिझी' येतं. अख्खी डिरेक्टरी जपा.

रॅमचं म्हणाल तर साइझ दिली नाही की मर्यादा अर्धी रॅम, ८ जीबीवर ४ जीबी. डॉकरच्या (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इमेजेस रूटवर राहिल्या तर ती बघता बघता भरते, आणि डिस्क रिकामी असून 'जागा शिल्लक नाही' दिसतं. कमी रॅमच्या लॅपटॉपवर मी तर टीएमपीएफएसच्या भानगडीत पडणार नाही. बूटच्या वेळी बीटीआरएफएस या डिस्कवरच्या फाइलसिस्टिमचा सबव्हॉल्यूम (स्वतंत्र भाग) पुसून नवा केला तरी तोच फायदा मिळतो.

आणि रीबूटपूर्वी फाइंड कमांड रूटवर एक्सडेव्ह आणि टाइप एफ लावून चालवा. ती दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये शिरत नाही, त्यामुळे टीएमपीएफएस रूटवर जे काही उडणार आहे त्याची यादी समोर येते. ब्लूटूथची पेअरिंग, वायफायचे पासवर्ड बहुधा तिथेच सापडतील.