डीव्हीडी रायटरचा लेझर डायोड: या चुका टाळा

गणपती जवळ आले की मखरावर लेझर सोडायचं खूळ पोरांच्या डोक्यात शिरतं. जुना डीव्हीडी रायटर फोडायचा, त्यातला लेझरचा किरण सोडणारा डायोड उपसायचा आणि दोन पेन्सिल सेल थेट लावायचे. तीनच तर व्होल्ट, म्हणे! अरे, डायोडला करंट मोजून द्यायचा असतो. व्होल्टेज जरासं चढलं की करंट कितीतरी पटीने चढतो. डायोड तापला की तेवढ्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढतो, मग आणखी तापतो. ‘माझा सेलवर चालला’ सांगणारे, तो किती वेळ चालला ते सांगत नाहीत.

एलएम ३१७ ही तीन पायांची रेग्युलेटर चिप करंट बांधून ठेवेल अशी जोडा. तिच्या ठरलेल्या १.२५ व्होल्टला रेझिस्टरच्या ओहमने भागा: १० ओहमला १२५ मिलिअँपिअर. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट तिला पुरत नाहीत, लाल डायोडसाठी ७ च्या वर हवेत. आधी करंट तपासायला लेझर डायोडच्या जागी चार १एन४००७ (साधे डायोड) आणि एक ओहमचा रेझिस्टर ओळीने लावा. त्या रेझिस्टरवर मीटर जितके मिलिव्होल्ट दाखवेल तितके मिलिअँपिअर. ही पायरी ज्याला कंटाळवाणी वाटते त्याने मखराला एलईडीची माळच लावावी.

आता क्रोकोडाइल क्लिप, म्हणजे वायरच्या टोकाचा दातेरी चिमटा. मालवणात अगदी किनाऱ्याला घर असलेला एक पोरगा डायोड घेऊन आला. “काका, पेटता हा, पण काडी काय जळणा नाय.” सर्किट बिनचूक, हिशोब बरोबर. क्लिप बघितली तर दातांना तांबूस गंज, खाऱ्या हवेत दुसरं काय होणार! डायोड लागेना म्हणून यानं चालू सर्किटात ती हलवून हलवून बसवली होती. संपर्क तुटला की रेग्युलेटरचं आउटपुट जवळजवळ पुरवठ्याइतकं वर जातं आणि तिथला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) तेवढा भरतो. क्लिप पुन्हा टेकली की ते सगळं एका झटक्यात डायोडमध्ये. डायोड मेला तरी साध्या एलईडीसारखा मिणमिणतो, म्हणून पोराला तो जिवंत वाटला. मी डायोडला क्लिप लावतच नाही. पुरवठा बंद, कपॅसिटरची दोन टोकं रेझिस्टरने जोडून रिकामा, मग सोल्डरचा टाका, मग स्विच.

पावसाळी हवेत स्थिर वीज कमी असते, पण तेवढ्यावर विसंबून डायोडचे पाय मोकळे ठेवू नका. रायटरमधून काढण्याआधीच पायांभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळा. सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग नसेल तर टाका घालताना प्लग काढा. धातूच्या हाउसिंगशिवाय (उष्णता ओढून घेणाऱ्या कवचाशिवाय) डायोड पेटवू नका.

आणि डोळे. रायटरचा डायोड १०० मिलिवॅटच्या वर सहज जातो. ५ च्या वर गेला की डोळ्याला धोका आहेच. आरतीला चिल्लीपिल्ली जमतात, तिथे हा लावायला मी कुणालाच मदत करत नाही. सीडी रायटरचा तर ७८० नॅनोमीटरचा, जेमतेम अंधुक लाल दिसतो, म्हणून पापणीही मिटत नाही. उन्हाचा गॉगल इथे कुचकामी. लाल डायोडला ६५० नॅनोमीटरसाठीचाच संरक्षक चष्मा घ्या. तो डायोडपेक्षा महाग पडतो ही तक्रार माझ्याकडे आणू नका.