कोकणच्या कातळावर चालवायला माउंटन युनिसायकल: कोणती घ्यायची, सेट कशी करायची

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, माउंटन युनिसायकल, म्हणजे डोंगरात चालवायची एकचाकी सायकल, घेताना पैसे घालायचे ते हब (चाकाचा मधला भाग), क्रँक (पॅडल धरणारा दांडा) आणि टायरवर. बाकी सगळं नंतर हळूहळू बदलता येतं, सीट बदलता येते, पॅडल बदलता येतात, रंगाचं तर काहीच नाही. पण हब कच्चा आला आणि तुम्ही सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या दगडांवरून उड्या मारायला लागलात की एक्सल (हबमधला आस) वाकतो, आणि एक्सल वाकला म्हणजे अख्खं चाक नव्याने विणून घ्यायचं, तारांसकट, त्यापेक्षा आधीच नीट बघून घेतलेलं बरं.

आपल्याकडे ऑनलाइन जी स्वस्तातली २० इंची मिळते तिचा हब बहुतेक वेळा स्क्वेअर टेपर असतो, म्हणजे एक्सलचं टोक चौकोनी आणि त्यावर क्रँक ठोकून बसवलेला. अंगणात, शाळेच्या ग्राउंडवर शिकायला ती एकदम छान, शिकायला तीच घ्या असं मी सांगेन. पण युनिसायकलला फ्रीव्हील नसतं, पॅडल सरळ चाकाला जोडलेलं, त्यामुळे पुढे जोर लावा नाहीतर मागे, सगळा ताण त्या चौकोनी टोकावर येतो आणि दगडावरून खाली उतरलात की तुमचं अख्खं वजन दोन क्रँकवर एकदम आदळतं. चौकोनाचे कोपरे झिजतात, क्रँक डगडगायला लागतो आणि एकदा डगडगला की कितीही आवळा, परत सैल होणारच. १९८० च्या दशकात अलास्कात जॉर्ज पेक आणि नंतर कॅनडात क्रिस होम डोंगरात युनिसायकल चालवायला लागले तेव्हा डोंगरासाठी म्हणून बनवलेली युनिसायकल दुकानात मिळतच नव्हती. पुढे होमने स्वतःच्या नावाची कंपनी काढली, आणि आज डोंगरातल्या युनिसायकलला दातेरी एक्सल हेच नॉर्मल झालंय. तेव्हा विकत घेताना विचारायचं ते एवढंच, हब आयसिस आहे का? आयसिस म्हणजे एक्सलला गोलाकार १० दाते आणि क्रँकच्या आतही तसेच खाचे. विकणाऱ्याला क्रँकचा बोल्ट काढून फोटो पाठवायला सांगा, दाते दिसले तर पुढचं बोलणं. केएच (ही होमचीच), निंबस, क्यूॲक्स, मॅडफोरवन ही नावं ह्यात चालतात, बाहेरून मागवायची असेल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरूनच हिशेब करा.

आता चाक केवढं. २४, २६, २७.५, २९ असे पर्याय असतात आणि लोक इथे फार गोंधळतात, खरं तर हिशेब सोपा आहे. गिअर नसतो, पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. २४ इंची रिमवर ३ इंची जाड टायर चढवला की बाहेरून व्यास साधारण २६ इंच होतो, म्हणजे एका फेऱ्याला २ मीटरच्या थोडं वर. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी साडेसात किलोमीटर. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढा-उतरायची असेल, गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) अरुंद पाणंदीतून जायचं असेल, तर हा वेग पुरतो आणि चाक हातात राहतं. गुहागर किंवा राजापूरकडच्या मोकळ्या सड्यांवर लांब लांब फिरायचं असेल तर २७.५ घ्या, छोटे खड्डे ती सहज ओलांडते, पण तिच्यावर चढायला आणि जागच्या जागी वळायला जास्त सराव लागतो. माझं मत विचाराल तर कोकणात पहिली माउंटन युनिसायकल २४ किंवा २६ चीच असावी, उंची पाच फुटाच्या आसपास असेल तर २४ च. ३६ इंची रस्त्यासाठी आहे, सड्यावर नको.

क्रँकची लांबी म्हणजे तुमचा गिअर समजा. १६५ मिमी लांब क्रँक असेल तर चढावर आणि पायरीवर जोर चांगला मिळतो पण पाय मोठा गोल फिरतात, वरखाली जास्त हलायला होतं. १२५-१३७ वर पाय भराभर फिरतात, सपाट सड्यावर मजा येते, पण खडी चढण आली की पाय अडकल्यासारखे होतात. सुरुवात १५० ने करा. काही क्रँकना पॅडलसाठी दोन दोन भोकं असतात, १२७/१५० किंवा १३७/१६५ अशी, ती मिळाली तर आवर्जून घ्या कारण एकाच क्रँकमध्ये दोन्ही सोय होते, सड्यावर आत लावायचं, पाखाडीला बाहेर.

टायर जाड हवा, २.५ ते ३ इंच, आणि फ्रेममध्ये तो बसतो का हे आधी बघा, दोन्ही बाजूला बोटभर तरी जागा राहिली पाहिजे नाहीतर चिखलाने चाक जाम होतं. जांभ्याचं, म्हणजे कोकणातल्या ह्या लाल दगडाचं, एक आहे, कोरडा असला की पकड इतकी चांगली देतो की टायरवर फार मोठे उंचवटे लागतच नाहीत, त्रास देते ती वरची सुटी खडी, फरशीवर वाटाणे सांडावेत तशी ती कातळावर पसरलेली असते. तिच्यावर टायर रुंद आणि मऊ असेल तरच टिकाव लागतो, म्हणून सगळा खेळ हवेचा.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि पैसेही लागत नाहीत. पंक्चरवाल्याकडे गेलात की तो सवयीने टायर दगडासारखा टणक करून देतो. तसं नकोय. ३ इंची टायर आणि वजन ६०-७० किलो असेल तर १८ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरू करा, वजन जास्त असेल तर २२-२४. मग एक टेस्ट करा, कुणाला तरी बाजूला उकिडवं बसवा आणि तुम्ही भिंतीला धरून युनिसायकलवर बसून चिऱ्याच्या (जांभ्याच्या तासलेल्या दगडाच्या) कडेवर चाक ठेवून जोरात दाबा. बसलेल्याने बघायचं, टायर दबून फुगतो का आणि तळाला रिम आणि चिऱ्याची धार ह्यात किती अंतर उरतं. बोटभर उरलं तर हवा बरोबर आहे. रिम टेकत असेल तर दोन पीएसआय वाढवा, टायर फुगतच नसेल तर दोन कमी करा. फार कमी केलीत तर वेगळी अडचण, बाजूला उतार असलेल्या वाटेवर टायर एका अंगाला दुमडतो आणि चाक आपोआप उताराकडे खेचायला लागतं, पाठ आणि मांड्या त्याला सरळ ठेवण्यातच दमतात. तेव्हा मधलं शोधायचं, आणि एकदा सापडलं की आकडा लिहून ठेवायचा. ट्यूबचा वाल मोटरसायकलसारखा जाडा घ्या म्हणजे कुठल्याही पेट्रोलपंपावर हवा मिळते, आणि ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं द्रव) घालून ठेवा, करवंदीचे काटे सड्यावर सगळीकडे असतात.

आता जोडणी. खोका उघडलात की घाई करू नका. क्रँकवर आणि पॅडलवर आर आणि एल लिहिलेलं असतं, आर उजवीकडे, एल डावीकडे, आणि सीटचं टोक पुढे. वाचायला अगदीच साधं वाटतं, पण फ्रेम उलटी बसली तर डाव्या बाजूला उजवा क्रँक येतो, आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात ते मुळात चालवताना पॅडल सुटू नये म्हणूनच, ते बाजू बदलून बसले की दर फेऱ्याला थोडं थोडं सैल होत जातं. आधी नुसतं कट्-कट् असं ऐकू येतं, पायाखाली पॅडल किंचित तिरपं वाटतं. असा आवाज आला की लगेच उतरा, तसंच चालवत राहिलात तर क्रँकचे आटे खाऊन जातात आणि क्रँक फुकट जातो.

पॅडलच्या आट्यांना बसवण्याआधी ग्रीस लावा, भरपूर. पॅडलची दांडी लोखंडी, क्रँक बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा, आणि समुद्राची खारी हवा, हे तिन्ही एकत्र आलं की सहा-आठ महिन्यात असं धरतं की पाना वाकेल पण पॅडल सुटणार नाही. सीटच्या दांड्यालाही तसंच ग्रीस. बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट मात्र जीव खाऊन आवळायचे नाहीत, चारही थोडे थोडे, आलटून पालटून, आणि मधे मधे चाक हाताने फिरवून बघा, मोकळं फिरायला हवं, जड झालं म्हणजे बेअरिंग चेपलं, पाव फेरा सैल करा. क्रँकचा बोल्ट ह्याच्या उलट, तो लांब हँडलच्या ॲलन कीने चांगला दमात घट्ट, आणि पहिल्या दोनतीन वेळा चालवून आलात की परत आवळायचा.

बेअरिंगचं आणखी एक, स्क्वेअर टेपरवाल्यात बऱ्याचदा ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं जे मोटर-पंपाच्या दुकानात सहज मिळतं, पण आयसिस हबवर साधारण २२ बाय ४२ बाय १२ मिमी मापाचं लागतं आणि ते चिपळूण-कुडाळला शोधून सापडेलच असं नाही. युनिसायकल मागवतानाच एक जोडी जास्तीची मागवा.

सीटची उंची ठरवायला भिंतीला धरून बसा, टाच खालच्या पॅडलवर ठेवा, गुडघा सरळ झाला की ती रस्त्याची उंची. तिथून दोन-तीन बोटं खाली घ्या, कारण कातळावर गुडघ्यात थोडी मोड ठेवूनच धक्के झेलायचे असतात. खाली घेताना दांडा आतून टायरला लागू शकतो, तसं झालं तर तो खालून कापावा लागतो, हॅकसॉने पाच मिनिटांचं काम आहे, फक्त कापल्यावर दांडा किमान किती आत हवा हे दाखवणारी मिनिममची रेघही जाते हे लक्षात ठेवा आणि फ्रेमच्या आत ८-१० सेमी दांडा राहीलच असं बघा. कापलेली कड कानशीने घासून घ्या. सीटचं नाक किंचित वर ठेवलं तर पुढे घसरायला होत नाही, आणि नाकाखालचं हँडल एका हाताने घट्ट धरूनच चढ चढायचा असतो, त्याने पायाला जोर मिळतो.

ब्रेक लगेच हवाच असं नाही. आधी ब्रेकशिवाय, पायाने मागे जोर देत उतरायला शिका. पण घाटीतून मोठा उतार असेल तर मांड्या पेटतात, गुडघ्यांवर येतं, तिथे डिस्क ब्रेकचा खरा उपयोग. लिव्हर सीटच्या हँडलखाली असा बसवा की हँडल न सोडता एक बोट पोचेल. आणि तो गच्च दाबायचा नाही, हलका दाबून तसाच धरून ठेवायचा, बाकी वेग पायाने सांभाळायचा, गच्च दाबलात की चाक थांबतं आणि तुम्ही पुढे जाता. डिस्क फ्रेमच्या बाहेर असेल तर अरुंद वाटेत चिऱ्यांना घासते, फ्रेमच्या आत असलेली आपल्या वाटांना जास्त बरी.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि नडगी-गुडघ्याचे गार्ड ह्याशिवाय जांभ्यावर जाऊ नका. जांभा खरवडतो, हातावर पडलात तर तळव्याचं सालटं निघतं. पॅडलवर लोखंडी पिना असतील तर नडगीचं गार्ड हवंच हवं.

पहिली वाट म्हणून सड्यावरचा गाडीचा जुना रस्ता उत्तम, ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारीपर्यंत. पाखाडी नंतर, आणि तीही रुंद पायऱ्यांची, कोरडी असताना. पावसाळ्यात पाखाडीवर शेवाळ येतं, काळपट हिरवं, तिथे कुठलाच टायर धरत नाही. सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात, मातीचा थर जेमतेम बोटभर, तिथून चाक नेलं तर तो उखडतो, तेवढे दिवस रस्ता सोडू नका. आणि कातळशिल्पं असतील तिथे तर चाकच न्यायचं नाही. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, ही नावं तुम्ही ऐकली असतील, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत ती, पण खूप चित्रं अशी आहेत की भोवती ना कुंपण ना पाटी, कोरलेली रेघ संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच नीट दिसते. कातळात सरळ किंवा गोल खोदल्यासारखी रेघ दिसली की उतरा आणि चाक उचलून बाजूने जा. सडे बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे, वाडीत शिरताना एखाद्या काकांना विचारून घ्या, कलमांच्या बागेतून तर मार्चनंतर विचारल्याशिवाय अजिबात नको.

समुद्राकाठच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी ओली वाळू टणक असते, तिथे चालवायला मोह होतो आणि पडलं तरी लागत नाही, जरूर चालवा. पण घरी आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, तांब्याने, पाइपाचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका, वाळू आत जाते. फडक्याने पुसून सावलीत वाळवा. डिस्क असेल तर तिच्या आसपास तेल किंवा स्प्रे काहीच नको. आणि दर महिन्याला, चालवली असो नसो, दोन्ही पॅडल आणि सीटचा दांडा एकदा पूर्ण काढून पुसून नवीन ग्रीस लावून परत बसवायचा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी.