पैसे कोणाच्या नावावर जाणार, हे आधी विचारा

मी त्रिमूर्ती नगरात बँकेच्या काउंटरवर बसते. मुदत ठेव मोडायला आलेले ज्येष्ठ बहुतेक वेळा कारण मोकळेपणानं सांगतात: नातीचं लग्न, गुडघ्याचं ऑपरेशन. एखादे मात्र "घरचं काम आहे" एवढंच म्हणतात, आणि हातातला फोन सारखा वाजत असतो. त्यांना मी एकच विचारते: काकाजी, पैसे कोणाच्या नावावर जाणार? क्रिप्टोच्या (बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या) बनावट अ‍ॅपमध्ये आईबाबांचे पैसे जाऊ नयेत, म्हणून घरीही सुरुवात इथूनच करा.

अशा अ‍ॅपचं नाव भारदस्त असतं, पण पैसे भरायला दिलेलं खातं कुठल्यातरी अनोळखी माणसाचं किंवा कुणा ट्रेडर्सचं निघतं, आणि पुढच्या वेळी तेही बदलतं. यूपीआयनं पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव स्क्रीनवर दिसतं. ते मोठ्यानं वाचायची सवय आईबाबांना लावा.

माझे मोठेबाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. हिशेबाला पक्के. त्यांना कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथल्या एक "मॅडम" रोज सकाळी चौकशी करायच्या, जेवण झालं का विचारायच्या. सुरुवातीला भरलेल्या पैशातले पाच हजार परतही आले, म्हणून भरवसा बसला. मी हटकलं तर म्हणाले, "तुले का समजते त्यातलं?" मी वाद घातला नाही. म्हटलं, मोठेबाबा, आज सगळे पैसे काढून दाखवा.

अ‍ॅपनं आधी तीस टक्के टॅक्स भरायला सांगितला. त्यांना ते रास्तच वाटलं, कारण टॅक्स खरोखर तेवढाच आहे. ठग इथेच खऱ्या नियमाचा आधार घेतात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, पण तो आपण आयकर विभागाकडे भरतो, अ‍ॅपवाल्याच्या खात्यात नाही. १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. स्वतःचे पैसे काढायला वरून नवे पैसे मागितले, की स्क्रीनवरचा तो लाखांचा आकडा खोटा. हे मी कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा त्यांनी फोन बाजूला ठेवला.

म्हणून रागावू नका. ओरडा बसेल या भीतीनं माणूस लपवतो, आणि ठगही "घरी सांगू नका" असंच बजावत असतात. रोज दहा मिनिटं शेजारी बसून बोला. ती मॅडम तेवढंच तर करत होती.

फोनचं काम अर्ध्या तासाचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीमध्ये ग्रुपला "माय कॉन्टॅक्ट्स" करा, म्हणजे अनोळखी कोणी परस्पर ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. लिंकवरून घेतलेली अ‍ॅप आणि स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप काढून टाका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रोजची मर्यादा कमी करा. पेन्शनचं खातं आणि यूपीआयचं खातं वेगळं ठेवलं तर फारच बरं. अर्थमंत्र्यांचा व्हिडिओ दाखवून कोणी योजना सांगत असेल, तर तसे बनावट व्हिडिओ खरोखर फिरत आहेत, हेही सांगून ठेवा.

पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढे पोचायच्या आत तक्रार झाली तर समोरच्या खात्यातली रक्कम रोखता येते, म्हणून नातेवाइकांशी सल्लामसलत नंतर. यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, आणि खात्याचं नाव हाताशी ठेवा. लाजेपोटी चॅट पुसू देऊ नका, पुरावा तोच आहे. आणि काही दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही ठगाचाच. घरच्यांना हे आजच सांगा, कारण पैसे गमावलेला माणूस त्या फोनवर लगेच विश्वास ठेवतो.