ऑफिस ओपन सोर्सवर नेण्याआधी

मार्चअखेर उरकू द्या. हिशेबाच्या धामधुमीत सॉफ्टवेअर बदलायला घेतलंत तर मुनीमजी आधी तुम्हालाच बदलायला निघतील. एप्रिलात वही घेऊन प्रत्येक कॉम्प्युटरसमोर बसा आणि लिहा: कोण काय वापरतं, त्यातलं बिलावर घेतलेलं किती आणि कुणीतरी बिनलायसन्सचं ‘टाकून दिलेलं’ किती. दुसरा आकडा मोठा निघाला तर नवल नाही. लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचं काम करणारं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर, मात्र दहा मशीनवर टाका की शंभर, धंद्याला वापरायला मोकळं आहे. ती धाकधूक तरी संपते.

मग फॉन्ट. इंदुरात खरी मेख इथेच. सियागंजातल्या पेढीची जुनी हिंदी कोटेशनं, पत्रं क्रुतिदेव या जुन्या फॉन्टात असतात. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, नव्हे, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘भारत’च्या जागी एच-के-के-जे-आर उमटतं आणि खापर लिबरऑफिसवर फुटतं. रोजच्या फायली कन्व्हर्टरने युनिकोडात आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. बाकीच्या फायलींची जुन्या मशीनवरच पीडीएफ करून ठेवा. टायपिस्टचा हात रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला असेल तर युनिकोडातही तो कीबोर्ड मिळतो, लावून द्या.

भाव काढायच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) असतील तर प्रतीवर चालवून बघा, सगळेच चालतात असं नाही. हिशेबाचं टॅली विंडोजचं, एक विंडोज मशीन त्यासाठी राखा, उगाच हट्ट नको. पुढे मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे हिशेब-साठा सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, बघता येईल, पण ते पुढचं.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या मशीनवर लिनक्स मिंट, ही विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स सिस्टिम, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवा, हार्डडिस्कला हात लागत नाही. तेवढ्यात प्रिंटर, बारकोडची गन आणि जीएसटीचं डिजिटल सहीचं टोकन लावून बघा. यातलं एक जरी अडलं तर ते मशीन तूर्त राहू द्या.

बॅकअप घेतलात, ठीक. त्यातली एक फाईल परत उघडूनही बघा. लायसन्सचे वाचलेले पैसे खिशात घालू नका, हाकेला येणाऱ्या माणसाच्या वार्षिक करारात घाला. त्याचं जमलं नाही तर दुसरा बोलावता येतो, कारण प्रोग्रॅम कुणा एकाच्या कुलपात नाही. माझ्या मते फुकटपणापेक्षा हा फायदा मोठा.

आणि सीएंना जाणाऱ्या शीट एक्सेलच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह होतील असं सेटिंग पहिल्याच दिवशी करा, नाहीतर संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला.