स्वस्त सेन्सरसाठी नेटवर्क आखायचं असेल तर सुरुवात कुठून?

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम शिकणारी मुलं विचारतात, 'सिक्स-जी'त काम करायचं तर आधी काय वाचू? मी सांगतो, वेगाचे आकडे बाजूला ठेवा आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. गोडी छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी या रोगाची धास्ती असते. पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर मोजकेच बाइट पाठवतो. त्याला गिगाबिट नको. स्वस्त मोडेम, टिकणारी बॅटरी आणि मांडवाखालीही पोचणारा सिग्नल हवा.

पहिला हिशेब कागदावर करा. एनबी-आयओटी म्हणजे थोडाच डेटा पाठवणाऱ्या उपकरणांसाठीचं मोबाइल तंत्र. त्याच्या अभ्यासात थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं लक्ष्य होतं ५ वॉट-तासांच्या बॅटरीवर १० वर्षं. म्हणजे १८,००० ज्यूल, आणि सेकंद सुमारे साडेएकतीस कोटी. सरासरी वाट्याला येतात जेमतेम ५७ मायक्रोवॉट! उपकरणाला बहुतेक वेळ झोपावंच लागणार, आणि ते झोपलं असताना हाक मारायची नाही हे नेटवर्कला पाळावं लागणार.

मग मोडेममधून काय काढायचं? थ्रीजीपीपीची मानकं 'रिलीज' नावाच्या क्रमांकित आवृत्त्यांत येतात. रिलीज १३ मधल्या एनबी-आयओटीनं बँड १८० किलोहर्ट्झवर आणला. रिलीज १७ मधलं रेडकॅप, म्हणजे फाइव्ह-जीचं हलकं रूप, कॅमेरा, घड्याळ अशांसाठी. ६ गिगाहर्ट्झखालच्या पट्ट्यांत १०० ऐवजी २० मेगाहर्ट्झ, अँटेना एक किंवा दोन. मात्र काढलेल्या भागाची भरपाई नेटवर्क करतं. रिसीव्हरच्या दोन अँटेनांची एक झाली की साधारण ३ डेसिबल, म्हणजे सिग्नलची निम्मी ताकद, जातात. संदेश दुप्पट वेळा पाठवला तर फार तर तेवढेच परत मिळतात, पण हवेतला वेळ दुप्पट लागतो आणि रिसीव्हरही जास्त वेळ जागा राहतो. माझ्या मते या विषयाचा गाभा हाच आहे. मोडेमवर वाचलेला पैसा टॉवरच्या क्षमतेतून वळता होतो. मुलाखतीतही मी हेच विचारतो.

वाचायला टीआर, म्हणजे तांत्रिक अहवाल, घ्या: एनबी-आयओटीसाठी टीआर ४५.८२० आणि रेडकॅपसाठी टीआर ३८.८७५, दोन्ही थ्रीजीपीपीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. स्पेसिफिकेशनमध्ये फक्त निर्णय असतो, या अहवालांत पर्याय आणि त्यांची किंमतही दिसते. हात बसवायला एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर किंवा एसआरएसरॅन हे बेस स्टेशनचं मुक्त सॉफ्टवेअर पुरे. महागडं सॉफ्टवेअर नाही म्हणून अडून राहू नका.

नोकऱ्या चिप, बेस स्टेशन आणि ऑपरेटर अशा तिन्ही बाजूंना असतात. पहिली कुठेही घ्या, पण उरलेल्या दोन बाजूंच्या माणसांशी बोलत राहा. रिलीज १९ मध्ये तर परिसरातूनच ऊर्जा घेणाऱ्या अँबियंट आयओटी उपकरणांचं काम आलं आहे. तिथे वरचा ५७ मायक्रोवॉटचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.